हानासुकेची शिंक

तोक्योतल्या नेरिमा भागात, आमच्या बाजारगल्लीत हानासुके राहतो. त्याचं वय सात वर्षं, आणि सत्तरी उलटली तरी ते सातच राहिलेलं आहे. शिवाय तो बाई आहे.

बाईंचं खरं नाव कुरामोची चिझुको. पण ते नाव घराच्या पाटीवर आणि दवाखान्याच्या रांगेत, बस्स. एरवी भाजीवाल्यापासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत सगळे त्यांना "हानासुकेऽ!" म्हणूनच हाक मारतात. बाईही भर रस्त्यात, पिशवीतून हातभर मुळा डोकावत असताना, चिरक्या पोरकट आवाजात "आलोऽ!" अशी ओ देतात. नवखा माणूस दचकून मागे वळतो आणि पोरगा शोधत बसतो.

'न्हाणीघरवाला हानासुके' ही कार्टून मालिका रविवारी संध्याकाळी, ऐन जेवणाच्या वेळी लागायची. बाप गल्लीतलं सार्वजनिक न्हाणीघर चालवणारा, आजी मालकीण असल्यासारखी गल्ल्यावर बसलेली, आणि नाक सदा वाहतं असलेलं हे कार्टं. प्रत्येक भागाच्या शेवटी ते शिंकायचं, "हाऽऽऽक्-शोन!", आणि त्या शिंकेनं काहीतरी उडायचं. कधी हवालदाराचा टॉवेल, कधी घरमालकाचा टोप, एकदा तर न्हाणीघराचं धुराडंच. शिंक झाली की देशभरातल्या आया पोरांना अभ्यासाला बसवायच्या. वीसेक वर्षं हे असं चाललं आणि त्या सगळ्या वर्षांत हानासुकेला आवाज देणाऱ्या, शिंकणाऱ्या चिझुकोबाईच. लग्न त्यांनी केलं नाही. सात वर्षांच्या मुलाला कोण मुलगी देणार किंवा कोण मागणी घालणार, असं त्या विचारणाऱ्यालाच विचारायच्या.

मालिका बंद पडली तरी गल्लीत तिचा धंदा चालूच होता. खाटीक तोकुमारू दुकानाच्या दारात बटाट्याचे कोरोक्के, म्हणजे खुसखुशीत कटलेट, तळतो. बाई आल्या की तो झारा वर धरून थांबायचा.

"हानासुके, नाक कसं आहे?"

"वाहतंय, काका!"

"मग होऊन जाऊ दे."

मग बाई एक दणदणीत शिंक ठोकायच्या, रांगेतले लोक टाळ्या वाजवायचे आणि तोकुमारू एक कोरोक्के जास्तीचा द्यायचा. तोकुमारू पन्नाशीचा, बाईंपेक्षा चांगला वीस वर्षांनी लहान. पण तो काका आणि त्या पोर, हे दोघांनाही इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही गंमत आहे हेही दोघं विसरून गेले होते.

अशात एक दिवस बातमी आली. 'न्हाणीघरवाला हानासुके' पुन्हा येणार, नव्यानं, आजच्या प्रेक्षकांसाठी.

बाईंना पंख फुटले. घसा जपायला तळलेलं बंद केलं, तोकुमारूच्या दुकानावरून त्या नाक दाबून जाऊ लागल्या. सकाळी नदीकाठी जाऊन बगळ्यांसमोर हानासुकेचे जुने संवाद म्हणू लागल्या. बगळ्यांनी जागा बदलली. बोलावणं येणार याबद्दल त्यांच्या मनात तीळभर शंका नव्हती, फक्त कधी येतं एवढाच प्रश्न होता. आणि ते आलंही. निरासावा नावाचा निर्माता, कोट घातलेला आणि पाठीला पोरांसारखं दप्तर लावलेला, एका दुपारी दारात उभा राहिला. हातात योकानचा, म्हणजे घट्ट गोड वड्यांचा, डबा होता.

बाईंनी डबा हातात घेतला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"डबा फार जड आहे, निरासावा-सान."

"योकान आहेत. गोड मानून घ्या."

"गोड बातमी असली की लोक हलकी बिस्किटं आणतात. योकान माफी मागायला आणतात. जेवढी चूक मोठी, तेवढा डबा जड. हा तर दोन हातांनी उचलावा लागतोय. कोण मेलं?"

"मेलं कोणी नाही! उलट हानासुके जिवंत होतोय!"

"मग मला मारताय वाटतं."

निरासावाच्या तोंडचं पाणी पळालं. घाम पुसत पुसत त्यानं आधी बाकीच्याच गोष्टी सांगायला घेतल्या. हानासुकेचे बाबा आता सिगरेट ओढत नाहीत, च्युइंगम चघळतात.

"न्हाणीघरात च्युइंगम? फरशीला चिकटेल."

"गिळतात ते. आणि आजी टोमे आता टपली मारत नाही. दीर्घ श्वास घेते आणि दहा आकडे मोजते."

"टोमे? ती आकडे मोजेपर्यंत पोरगा नदीपलीकडे पोचेल. आणि टॉवेल?"

"टॉवेल पडणार नाही. वाफ दाट ठेवलीय."

"पण शिंकेनं वाफ उडते."

"ही न उडणारी वाफ आहे," तो म्हणाला.

"आणि शिंक?"

"कोपरात. उघड्या तोंडानं शिंकला तर पालकांच्या तक्रारी येतात."

"मग काढूनच टाका की."

"काढता येत नाही ना! पैसे लावणाऱ्या समितीत सर्दीच्या गोळ्यांचा कारखाना आहे, त्यांना शिंक हवीच. आणि नाक पुसायच्या कागदाचा कारखाना आहे, त्यांना तर दोन हव्यात."

इथवर बाई हसत होत्या. खो-खो हसत होत्या, खरं म्हणजे. मग निरासावानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, कपाळ चटईला टेकवलं आणि जे सांगायला आला होता ते चटईलाच सांगितलं. हानासुकेचा आवाज त्सुकुदा कानोन नावाची मुलगी देणार होती. वय चोवीस. चिझुकोबाईंनी आजी टोमे व्हावं, अशी सगळ्यांची विनंती होती. जुन्या टोमेचा आवाज देणाऱ्या बाई वारल्या होत्या. शिंक मात्र चिझुकोबाईंचीच हवी. ती वेगळी रेकॉर्ड करून पोराला जोडायची, कारण जुन्या टेपांवरची खरखरत होती.

"म्हणजे पोरगा तिचा आणि नाक तेवढं माझं?"

निरासावाचं कपाळ चटईत आणखी रुतलं.

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण त्याहून जास्त, खरं सांगायचं तर, त्या घाबरल्या. हानासुके गेला तर हाक मारल्यावर ओ कुणी द्यायची? घराच्या पाटीवरच्या त्या कुरामोची चिझुकोशी त्यांची तशी फारशी ओळखच नव्हती.

"आजी देते," शेवटी त्या म्हणाल्या. "शिंक मिळणार नाही. त्या पोरीला म्हणावं, स्वतःची शिंक स्वतः आण."

योकान मात्र त्यांनी ठेवून घेतले आणि रागारागात रात्रीच्या जेवणाआधीच एक अख्खी वडी संपवली. तोकुमारूला कळल्यावर त्यानं झाराच आपटला. नवा हानासुके या दुकानाची पायरी चढला तर त्याला नुसता चिरलेला कोबी देईन, अशी शपथ त्यानं उकळत्या तेलासमोर घेतली.

रेकॉर्डिंग मार्चात सुरू झालं, म्हणजे देवदाराचा पिवळा पराग सगळ्या तोक्योच्या नाकात शिरतो त्या दिवसांत. स्टुडिओत जो तो मास्क लावून, डोळ्यांत थेंब घालून, गोळ्या गिळून बसलेला. दुपार कलली होती, तरी त्या धंद्यातल्या रीतीप्रमाणे प्रत्येक जण आत येताना "शुभ सकाळ" म्हणत होता. कानोन सगळ्यात आधी येऊन दाराशी उभी होती. बारीक चणीची, डोळे सशासारखे लाल, न सळसळणारा सुती सदरा घातलेली. चिझुकोबाई दिसताच ती कंबरेत इतकी वाकली की तिच्या पिशवीतले नाक पुसायचे कागद जमिनीवर पसरले.

"कुरामोची सेन्पाई, मी तुमच्या आवाजाच्या वर्गात शिकायला होते. शेवटच्या रांगेत. तुम्ही शिकवलं होतंत ना, शिंक टाचेतून उगवते, गुडघ्यात वळते, बेंबीत थांबते आणि मग नाकात येते..."

"हं. जमली का मग?"

"पोटरीचा स्नायू धरला."

एरवी बाई हसल्या असत्या. त्या दिवशी त्यांनी नाक मुरडलं आणि कोपऱ्यातली खुर्ची पकडली.

खोलीत चार माइक. ज्याचं वाक्य येतं त्यानं मांजराच्या पावलांनी माइकसमोर जायचं, बोलायचं, आणि तसंच मागे सरायचं. स्क्रिप्टचं पान उलटल्याचा आवाज झाला तरी पुन्हा पहिल्यापासून. समोरच्या पडद्यावर चित्र अजून पेन्सिलीच्या रेघांचंच होतं. माणसांना नाकडोळे नव्हते, कुणाला तर डोकंही नव्हतं. काचेपलीकडे ध्वनिदिग्दर्शक इसोगाई बसले होते. वयानं पिकलेला माणूस, बोलणं कमी. लाल दिवा लागला.

पडद्यावरच्या आईनं हाक मारली, "हानासुकेऽ, जेवायला ये!"

आणि चिझुकोबाईंचे पाय उठले. बाई नाही, पायच. ते सरळ दोन नंबरच्या माइकपाशी गेले, जिथे ते वीस वर्षं जात होते. कानोन तिथे आधीच उभी होती. पण ज्येष्ठ माणूस, म्हणजे सेन्पाई, माइकवर आला तर बाजूला व्हायचं आणि लाल दिवा असताना हूं की चूं करायचं नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं. ती हवेसारखी सरकली.

"आलोऽ!" बाई म्हणाल्या.

दिवा विझला. काचेपलीकडून इसोगाईंचा शांत आवाज आला, "आजी, तुम्हाला अजून जेवायला बोलावलेलं नाही."

कोणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बाईंचे कान तापले.

"सेन्पाई," कानोन कुजबुजली, "तुम्ही दोन नंबरच घ्या ना. मी चारवर उभी राहते. खरंच."

"नको," बाई म्हणाल्या. "तो हानासुकेचा माइक आहे."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. इतके दिवस कुणाला बोलू दिलं नव्हतं, ते स्वतःच्याच तोंडातून गेलं होतं. त्या चार नंबरच्या माइकपाशी जाऊन उभ्या राहिल्या. फार वाईट वाटलं त्यांना.

भाग शेवटाकडे आला. न्हाणीघरात गिऱ्हाइकं बसलेली, वाफ, आणि मध्ये हानासुके नाक वर करून उभा. इथे शिंक. पडद्यावर तेवढ्यापुरती रिकामी पट्टी येणार होती. बाईंनी शिंक नाकारल्यावर समितीची कुठे माशी शिंकली कोण जाणे, पण कानोनचीही शिंक त्यांना पसंत पडेना. शेवटी ठरलं, सध्या जागा रिकामी सोडायची, पुढचं पुढे. कानोनला सक्त ताकीद होती: तिथे काही करू नकोस, नुसती उभी राहा.

लाल दिवा. पट्टी आली. खोलीतल्या सगळ्यांनी श्वास रोखले.

आणि कानोनच्या नाकात हुळहुळलं.

तिनं वरचा ओठ दाबला. जीभ टाळूला लावली. मांडीला चिमटा काढला. डोळे फिरले, भुवया केसांत गेल्या, सगळं अंग आक्रसून आक्रसून एका बारीक टोकाला आलं, आणि त्या टोकातून आवाज निघाला:

"पिच्च."

एवढीशी शिंक. मांजराच्या पिलाला मुंगी चावावी तशी.

सगळे पुतळे झाले. कानोन पांढरीफटक पडली. आणि चार नंबरच्या माइकपाशी चिझुकोबाईंना एकदम आठवलं. पहिल्या भागाच्या वेळीही मार्चच होता. शिंक स्क्रिप्टमध्ये नव्हतीच मुळी. हानासुकेनं शेवटी नुसतं "शुभ रात्री" म्हणायचं होतं, आणि परागानं घात केला. लाज वाटून त्या रडायच्या बेतात होत्या; तेव्हाचे म्हातारे दिग्दर्शक पोट धरून हसले आणि म्हणाले, राहू दे. टाच, गुडघा, बेंबी हे सगळं बाईंनी नंतर रचलं होतं, वर्गात सांगायला काहीतरी हवं म्हणून. रचता रचता त्या स्वतःच मूळ गोष्ट विसरल्या होत्या.

दिवा अजून लालच होता. इसोगाई थांबवत नव्हते. समोर एक पोरगं शिंकलं होतं आणि चिझुकोबाई आजी होत्या. शिंकणाऱ्या नातवाला इथली कुठलीही आजी शिंका मोजत म्हणेल तेच त्या टोमेच्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या:

"एक शिंक! कोणीतरी तुझं कौतुक करतंय बघ."

"पिच्च."

"दोन! आता नावं ठेवतंय. ठेवणारच."

"पिच्च."

"अगं बाई, तीन! आता तर कोणीतरी तुझ्या प्रेमातच पडलं! या नाकाच्या?"

खोलीत अनर्थ माजला होता, पण मुका. हानासुकेच्या बापाचा आवाज देणाऱ्या नटानं स्क्रिप्ट दातांत धरली होती. हवालदार जमिनीवर बसून स्वतःचा बूट चावायच्या बेतात होता. आईनं स्कार्फचा बोळा तोंडात कोंबला होता आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. बाई स्वतः हसू आवरायला नाकानं खोल श्वास घ्यायला गेल्या, तिथेच चुकलं. खोलीतला सगळा पराग जणू त्यांचीच वाट बघत होता.

"हाऽऽऽऽक्-शोन!"

काचा हादरल्या. चार नंबरच्या माइकपुढची श्वास अडवणारी गाळणी उडून हवालदाराच्या डोक्यावर पडली. तीच शिंक होती, देशानं वीस वर्षं ऐकलेली, फक्त या खेपेला आजीच्या आवाजात.

आता थांबवतील, असं सगळ्यांना वाटलं. तेवढ्यात दोन नंबरच्या माइकवरून, नाक चोंदलेल्या, चिरक्या, अगदी नव्या हानासुकेचा आवाज आला:

"आजी, एकच शिंक. तुझं कोण कौतुक करतंय गं?"

बाईंनी कानोनकडे पाहिलं. कानोन पडद्याकडे बघतच नव्हती.

"मीच करत होतो," हानासुके म्हणाला. "मनातल्या मनात."

लाल दिवा अजून होता, आणि टोमे काही रडणारी बाई नव्हती. चिझुकोबाईंनी स्क्रिप्टची सुरळी केली आणि कानोनच्या डोक्यात हलकेच हाणली. माइकमध्ये स्वच्छ आवाज आला, टप्.

"मनातल्या मनात काय, मेल्या! मोठ्यांदा कर की!"

दिवा विझला. आणि ती खोली जी फुटली! बाप हसत होता, आई हुंदके देत हसत होती, हवालदार गाळणी डोक्यावर तशीच ठेवून लोळत होता. इसोगाई काचेपलीकडे पाठमोरे उभे राहून चष्मा पुसत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी बटण दाबलं.

"राहू दे," ते म्हणाले.

समितीत मग बैठकांवर बैठका झाल्या. गोळ्यांच्या कारखान्याला एकीऐवजी चार शिंका मिळाल्या, तो खूश. कागदवाले तर हवेतच तरंगत होते. उघड्या तोंडानं शिंकण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा नियमावली उलटीपालटी करून पाहिली. लहान मुलांबद्दल पानंच्या पानं होती, आजीबद्दल ओळ नव्हती. टपलीवर मात्र अख्खा दिवस गेला. अखेर बिचाऱ्या निरासावानं तिची नोंद 'डोक्यावरून हात फिरवणे (वेगाने)' अशी करून घेतली.

ऑक्टोबरात मालिका लागली. पहिल्या रविवारनंतर शाळेत पोरं दोन गटांत शिंकू लागली, काही "पिच्च" आणि काही "हाऽऽक्-शोन", असं पुजाऱ्याची सून सांगत होती.

त्याच आठवड्यात चिझुकोबाई, आधी सांगून ठेवून, कानोनला घेऊन बाजारगल्लीत आल्या. पोरीला कोरोक्के खायला घालायचा होता, आणि तोकुमारूनं शपथ मोडली नाही तर त्याला दोन शब्द सुनावायचे होते. दुकानासमोर नेहमीची रांग. बाईंचा पाय वळणावर पडतो न पडतो तोच तोकुमारूचा झारा वर गेला आणि त्याची ती ओळखीची हाक आली:

"हानासुकेऽ!"

"आ..." बाई म्हणाल्या, आणि थांबल्या.

तोकुमारू त्यांच्याकडे बघत नव्हता. त्यांच्या खांद्यावरून मागे, कानोनकडे बघत होता. तोंडभर हसत, शपथबिपथ पार विसरून.

खोटं कशाला बोला, दुखलं त्यांना. रांगेतले लोक बघत होते. कानोनला तर आपल्याला हाक मारली हेच कळलेलं नव्हतं. ती मान वाकडी करून कढईतले कोरोक्के मोजत होती.

बाईंनी तिला कोपरानं ढोसलं.

"अगं, तुला बोलावतायत. ओ दे."

"मला?"

"मग काय मला? जोरात दे. या गल्लीत हळू ओ दिलेली चालत नाही."

"आलोऽ!" कानोन ओरडली. गल्लीच्या टोकावर एका माणसानं दचकून मागे वळून पोरगा शोधला.

तोकुमारूनं कागदात कोरोक्के गुंडाळायला घेतला. मग झारा कढईच्या काठावर ठेवून, हात पुसून, त्यानं चिझुकोबाईंकडे पाहिलं. काय म्हणावं याचा विचार त्याला आयुष्यात पहिल्यांदाच करावा लागत होता.

"आणि आजी," तो म्हणाला, "तुम्हाला?"

"एक," चिझुकोबाई म्हणाल्या. आवाज त्यांचा स्वतःचाच होता. "आणि या पोराला एक जास्तीचा द्या. शिंकेसाठी अडवू नका, मार्च अजून लांब आहे."